पुरावा क्रमांक एक

लॉरेल फोर्क, केंटकी
१२ फेब्रुवारी

ड्वाइट,

तुझा पत्ता रेनिटाने दिला. देताना तुझ्या बहिणीने मला दम भरला, "शिव्याच घालायच्या असतील तर पत्र टाकू नका डॅडी, त्या पोरीच्या मागे आधीच कमी लचांड नाही." त्या पोरीच्या! मी म्हणालो, मी माझ्या मुलाला लिहितोय, तू तुझं घर सांभाळ. शिव्या घालणार नाही असं वचन मात्र मी दिलेलं नाही, हे लक्षात ठेव.

टीव्हीवर नवा हुकूम ऐकला. तुझ्यासारख्यांना फौजेत जागा नाही, आहेत त्यांनीही निघायचं. मी सकाळी पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत होतो, ती टेबलावर सांडली. खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी सांगतच होतो, असं म्हणायची संधी माणसाला म्हातारपणी फारशी मिळत नाही. मग टेबल पुसलं आणि बसून राहिलो. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता पेन शोधत घरभर फिरलो, ते का, ते मला विचारू नकोस.

सव्वीस वर्षं मी फौजेत काढली, त्यातली नऊ फर्स्ट सार्जंट म्हणून. कंपनीतला एकूण एक कागद माझ्या टेबलावरून जायचा. आमच्याकडे प्रूइट नावाचा कारकून होता. त्याला पुरुष आवडायचे. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, कारण काम चोख होतं. एक दिवस त्याच्याच आईचं पत्र आलं. माझा लेक असा असा आहे, स्वभावाने हळवा आहे, त्याला सांभाळून घ्या. त्या काळचा नियम तुला माहीत आहे, असा माणूस फौजेत चालत नसे, पण कागदावर येत नाही तोवर कुणी विचारतही नसे. कागद आला म्हटल्यावर विषय संपला. मी शिक्का मारून पत्र वर पाठवलं आणि तीन आठवड्यांत प्रूइट घरी. त्याचं मला काही वाटलं नाही. फौज ही फौज आहे, ती कुणाचे लाड करायला काढलेली नाही.

तू तर त्याच्याही पुढे गेलास. तुझ्या आईच्या अंत्यविधीला काळा झगा घालून आलास. पास्टरने विचारलं, ओलेटाच्या मागे मुलंबाळं कोण? मी सांगितलं, एक मुलगी, रेनिटा. बस्स. तू शेवटच्या बाकावर होतास, तिथेच मी तुला बसायला सांगितलं होतं. ऐकलंस आणि उठून गेलास. वर नाव घेतलंस ते कुणाचं, तर माझ्या आईचं. डेल्फिया! कोळशाच्या खाणीत नवरा गेल्यावर त्या बाईने सात पोरं वाढवली. तिचं नाव काय रस्त्यावर पडलं होतं?

पुढच्याच वर्षी तू भरती झालास. रेनिटा तो निळा तारा घेऊन आली होती, घरातलं माणूस फौजेत असलं की खिडकीत लावतात तो. मी म्हणालो, या घरातलं कोण आहे फौजेत? तिने तो ड्रॉवरमध्ये टाकला. अजून तिथेच आहे.

सांगायचं ते एवढंच. हाकलून द्यायच्या आधी स्वतःहून निघ, त्यात थोडी अब्रू तरी राहते. घरी ये. मागची खोली रिकामी आहे. पँट घालून ये.

व्हर्नन टॅकेट
फर्स्ट सार्जंट, निवृत्त


९ मार्च

सार्जंट टॅकेट,

हे चालेल ना? फौजेत सगळ्यांना आडनावानेच हाक मारतात, म्हणजे कुणाच्याच नाकाला मिरच्या झोंबायचं कारण नाही. नावावरून मी भांडणार नाही, आणि ते नाव लिहिणारही नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडून मागू नकोस.

तुझं उत्तर मिळालं. जेमतेम चार ओळी. निघणार नाही, म्हणे. भरतीच्या वेळी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, तो कागद कुठल्यातरी फायलीत पडून आहे. कंपनीत कुणाला माहीत नाही. कॅप्टन होलिस्टरना अंदाज असावा, पण ते विचारत नाहीत. आणि शेवटी, "पँट मी रोजच घालते डॅडी, हेलिकॉप्टरच्या पोटाखाली झोपून झग्यात काम होत नाही." मी मोठ्याने हसलो. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तू लहानपणी असंच फटकन उत्तर द्यायचास, आणि तुझी आई स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसायची.

रेनिटाने मला त्या चिरेचं सांगितलं. हेलिकॉप्टरच्या रोटरच्या पंख्याच्या मुळाशी केसाएवढी चीर, ती फक्त तुला दिसली. कर्नल डोक्यात राख घालून ओरडत होता, आत्ताच्या आत्ता उडालं पाहिजे, आणि तुझं एकच, "माझी सही मिळणार नाही सर." दुसऱ्या दिवशी तो भाग उघडला तर चीर आरपार निघाली. त्यात सहा जण बसणार होते. अरे, मी सव्वीस वर्षांत कर्नलला तोंडावर "नाही" असं एकदाही म्हणालो नाही. कंपनीतल्या पोरांपुढे गुरगुरायचो आणि कर्नल दिसला की टाचा जुळवायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता एक वाईट गोष्ट. शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळले होते. बर्ल मेनार्ड माझ्या समोर बसला होता. तोंड सुटलं त्याचं. "असली माणसं फौजेत कशाला हवीत? खंदकात आपल्या शेजारी कोण आहे हे कळायला नको?"

मी म्हणालो, "बर्ल, तू अख्खी नोकरी भटारखान्यात बटाटे सोललेस. तुझ्या शेजारी कोण होतं? पोतं?"

सगळे हसले. बर्ल लाल झाला. "तुला काय एवढं लागलं रे व्हर्न? तुझ्या घरात आहे की काय कुणी?"

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. आणि मी काय म्हणालो असेन? "मासा गार होतोय," म्हणालो.

म्हणजे मी पुन्हा तेच केलं. चर्चमध्ये केलं तेच, फक्त या वेळी तू तिथे ऐकायला नव्हतीस. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. काय ते आत्ता सांगत नाही. फर्स्ट सार्जंट रिकामा बसत नाही, एवढं ध्यानात ठेव.

व्हर्नन टॅकेट
फर्स्ट सार्जंट, निवृत्त


१४ एप्रिल

सार्जंट टॅकेट,

घे, खिडकीत तारा लागला. ड्रॉवरमध्ये त्याला सुरकुत्या पडल्या होत्या, मी इस्त्री केली. कडेला थोडा पिवळा पडलाय. बर्ल मुद्दाम रस्ता वाकडा करून बघायला आला. "हा कुणासाठी?" म्हणाला. मी म्हणालो, "टॅकेटसाठी." त्याने डोकं खाजवलं आणि निघून गेला. तेवढ्यानेही मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

आणि ती दुसरी गोष्ट. केली. तुझ्या कॅप्टनला पत्र लिहिलं. कालच रवाना झालं.

घाबरू नकोस. प्रूइटच्या आईने लिहिलं तसलं रडगाणं नाही ते. त्या बिचाऱ्या बाईला फौजेत कोण ओळखत होतं, मी फर्स्ट सार्जंट आहे, माझी सही फौज ओळखते. टाइपरायटर काढला, त्याची फीत बदलली. अंगात गणवेशाचा कोट घातला, हो, बटणं लागत नाहीत, तरी घातला. सगळं रीतसर, नियमाच्या चौकटीत, एक चूक नाही. तुझ्यासारखं माणूस घालवणं म्हणजे फौजेने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं आहे, हे मी ठणकावून लिहिलं. चिरेचंही लिहिलं. नेमके शब्द काय ते तुला कॅप्टनकडून कळतील. मला ते इथे पुन्हा लिहायला जमत नाही.

तीन प्रती काढल्या. एक कॅप्टनला, एक माझ्याकडे, आणि एक थेट वर, बटालियनच्या कचेरीत. कॅप्टन लोक कागदावर बसून राहतात, म्हणून एक प्रत नेहमी वर धाडायची, मग तो कागद कुणाला दाबता येत नाही. हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

तू लपून नोकरी करतेस ते मला पहिल्यापासून पटलेलं नाही. टॅकेटने का लपायचं? चोरी केली आहे का काही? ताठ मानेने राहा. तुझ्या पाठीशी आता कुणीतरी आहे.

उत्तर लिही. चार ओळींचं असलं तरी चालेल.

व्हर्नन टॅकेट
फर्स्ट सार्जंट, निवृत्त


२१ मे

डेल्फिया,

पाच आठवडे तुझं उत्तर नाही. मला वाटलं, कामात असशील. मग वाटलं, रुसली असशील, कोट घालून टाइप करणाऱ्या म्हाताऱ्याला हसत असशील. मी रोज दुपारी पत्रपेटीपर्यंत जायचो. गुडघा दुखतो, तरी जायचो.

काल रेनिटा आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, "तिला काढतायत. काय केलंत हे डॅडी?"

मला वाटलं, माझं पत्र पोचायच्या आधीच हुकूम निघाला असणार. तिला म्हणालो, थांब, मी कॅप्टनशी बोलतो, काहीतरी घोटाळा झालाय. तिच्यासमोर फोन लावला. होलिस्टरचा आवाज अगदी कोवळा आहे, तुझ्यापेक्षा लहानच असेल. माझं नाव ऐकल्यावर त्याने उठून खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

मग म्हणाला, "टॅकेटसाहेब, दोन महिने मी तिची फाइल उघडली नव्हती. मुद्दाम. माझ्या टेबलावर कागद नव्हता. कागद नाही तोवर मला काही माहीत नाही, आणि मला माहीत नाही तोवर मला काही करावं लागत नाही. तुम्ही फर्स्ट सार्जंट होतात. हे मी तुम्हाला सांगायचं?"

मी म्हणालो, "फाडून टाका ते पत्र."

"माझी प्रत मी फाडलीच होती. आल्या दिवशी. पण तुम्ही दुसरी वर पाठवलीत. ती शिक्का बसून माझ्याकडे परत आली, खुलासा मागणारं पत्र जोडून."

मी विचारलं, "मी चिरेबद्दल लिहिलं ते कुणी वाचलं नाही का?"

तो म्हणाला, "मी वाचलं. मला ते आधीच माहीत होतं साहेब. त्या हेलिकॉप्टरमध्ये सहा जण बसणार होते, त्यांतला एक मी."

फोन ठेवला तेव्हा रेनिटा निघून गेली होती.

काय लिहू आता? सगळा दोष त्या हुकुमाचा आहे असं लिहायला घेतलं होतं, एक पान भरलं, फाडलं. हुकूम काढणारे हरामखोर आहेतच. टीव्हीवर बसून खंदकातल्या गप्पा मारतात, त्यांतल्या एकाच्याही पायाला चिखल लागलेला नाही. पण त्यांना या जगात डेल्फिया टॅकेट नावाचं कुणी आहे हे माहीतच नव्हतं. त्यांना ते मी सांगितलं. नाव, हुद्दा, तुकडी, सगळं, टाइप करून, एक चूक नाही.

आणि प्रूइटची आई. ती बाई मला आता दिसते. कधी बघितली नाही तिला, तरी दिसते. वही फाडून काढलेला कागद होता तो, निळ्या शाईचा. मी तिला मूर्ख म्हणालो होतो, शिक्का मारता मारता, शेजारच्या कारकुनाला ऐकू जाईल असं. तिच्याकडे निदान एवढं होतं, की तिला नियम माहीत नव्हता.

मला काहीतरी लिही. शिव्या लिही. मी वचन देत नव्हतो, तू तरी कशाला द्यायचंस.

व्हर्नन टॅकेट


११ ऑगस्ट

माझी मुलगी डेल्फिया हिस,

तुझं पाकीट आलं. पत्रपेटीपाशीच फाडलं. आत तुझं पत्र नव्हतं, माझंच होतं. कॅप्टनला लिहिलेलं. कोपऱ्यात बटालियनचा गोल शिक्का, आणि वर कुणीतरी काळ्या पेनने लिहिलंय, पुरावा क्रमांक एक.

तू लाल पेनने एका वाक्याखाली रेघ मारली आहेस. "सार्जंट डेल्फिया टॅकेट ही माझी मुलगी आहे, ती मुलगा म्हणून जन्मली हे मी लपवत नाही, आणि तिच्या तोडीचे सैनिक मला सव्वीस वर्षांत चार भेटले नाहीत." आणि बाजूला तुझं अक्षर. "डॅडी, हे मला का नाही लिहिलंत?"

एवढंच. नोकरी गेली, त्याबद्दल एक शब्द नाही. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो, त्या सोसल्या असत्या.

रेनिटाने सांगितलं शेवटच्या दिवसाचं. तुझ्याकडून अवजारांची पेटी मोजून घेतली. एकशे बेचाळीस अवजारं, आपापल्या खाचेत, एक कमी नाही. मोजणारा पोरगा तुझ्याच हाताखाली शिकलेला होता, तो मोजताना दोनदा चुकला, आणि तूच त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलंस. हे ऐकून मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. रेनिटा बाहेर होती म्हणून.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. खरं उत्तर आहे, त्यामुळे चांगलं नाही.

फौजेत असं पत्र लिहायची एक रीत आहे. पहिल्या ओळीत सैनिकाचं नाव, दुसरीत हुद्दा, तिसरीत लिहिणाऱ्याचं त्याच्याशी नातं. पहिल्या दोन ओळी झटकन झाल्या. तिसरीशी मी चाळीस मिनिटं बसलो. कॉफी गार झाली. रकाना मोकळा सोडला तर पत्र रीतसर होत नाही, म्हणून लिहिलं, मुलगी. एकदा लिहिल्यावर मग पुढचं आपोआप आलं, हात थांबेना. खाली मी काय काय लिहून गेलो ते तू वाचलंच आहेस.

कॅप्टनला लिहिता आलं, कारण त्याला मी कधी शेवटच्या बाकावर बसवलं नव्हतं. त्याच्यापुढे मला लाज वाटायचं कारण नव्हतं. तुला लिहायला बसलो की तो काळा झगा डोळ्यांपुढे यायचा, तू उठून गेलीस तेव्हा बाकाचा झालेला आवाज यायचा, आणि मग मी आडनाव लिहायचो. आडनाव लिहायला हिंमत लागत नाही.

रेनिटा तुझा नवा पत्ता देत नाही. तूच नको म्हणालीस असं म्हणते. मी तिच्यावर ओरडलो नाही. हे पत्र ती ठेवून घेईल, तुला देईन असं मात्र म्हणाली नाही.

तारा मी आज सकाळी काढला. फौजेतून माणूस बाहेर पडलं की काढायचा, नियम आहे, आणि मी मेला नियम पाळणारा. मोडायचा तिथे एकही मोडला नाही. काढताना बर्ल रस्त्याने जात होता. कुंपणापाशी थांबला. "व्हर्न," म्हणाला, "कुणाचा होता रे तो तारा? खरं सांग."

मी म्हणालो, "माझ्या मुलीचा. डेल्फियाचा. तिला काढून टाकलं, माझ्या पत्रावरून."

बर्लसारखा बर्ल, पण त्याने टोपी काढली. छातीशी धरली. मला त्याचाही राग आला.

मग आत येऊन हे लिहायला बसलो, आणि पहिली ओळ लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं. मुलगी हा शब्द मी आधी कॅप्टनला सांगितला. मग बटालियनला, शिक्का मारायला. मग बर्लला, कुंपणापाशी उभं राहून. आणि तुला सगळ्यांच्या नंतर. पोरी, मी तुला पुन्हा शेवटच्याच बाकावर बसवलं.

डॅडी